न जुळणारे हाड



आमच्या बेळगावच्या बाजूला पावसाळ्यात आंब्याची कलमे बांधतात. कलम बांधणारा जाणता माणूस दोन गोष्टींविषयी फार दक्ष असतो. खुंट आणि काडी या दोहोंत रस जिवंत असला पाहिजे, आणि एकदा बांधलेला सांधा हलता कामा नये. रस आटला तर कलम वाळते. सांधा हलत राहिला तर कलम धरत नाही. माणसाचे मोडलेले हाड जुळते तेही बहुतांशी याच दोन अटींवर. ही गोष्ट आज ऐकताना सोपी वाटते; परंतु ती नीट उमगण्यासाठी वैद्यकाला कित्येक शतके खर्ची घालावी लागली, आणि तेवढ्या अवधीत किती हात व किती पाय निष्कारण कापले गेले असतील याची गणती कोणी ठेवलेली नाही. आज मी तुमच्यापुढे या न जुळणाऱ्या हाडाचा इतिहास थोडक्यात मांडणार आहे.

मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. या विषयाकडे मी वळलो तो आमच्या गल्लीतील एका गवंड्यामुळे. काही वर्षांपूर्वी ते परांचीवरून पडले. नडगीचे हाड मोडून कातडी फाडून बाहेर आले. शस्त्रक्रिया झाली, जखम वरवर भरली, पण नऊ महिने उलटले तरी पाय टेकवला की कळ येई, मोडलेल्या जागी पाय किंचित हले आणि एका छिद्रातून पू झिरपत राही. एका दवाखान्यात त्यांना सांगण्यात आले की हाड आता जुळणार नाही. पाय गुडघ्याखाली कापलेला बरा. एके संध्याकाळी ते क्ष-किरणांची छायाचित्रे आणि कागद घेऊन माझ्या ओसरीवर आले व म्हणाले, "मास्तर, इंग्रजीत काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा. हाड मेलं असं लिहिलंय का?" मी कागद वाचला. हाड मेले असे त्यात कोठेही नव्हते. हाड जुळले नाही, एवढेच होते.

'जुळले नाही' आणि 'जुळणार नाही' ही दोन वाक्ये आमच्या व्याकरणात वेगळ्या काळांत पडतात. एकात घडलेल्या गोष्टीची नोंद आहे, दुसऱ्यात भविष्यावर निकाल आहे. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर उडी न घेता मध्ये थांबून 'का जुळले नाही?' असा प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांचीच ही कथा आहे.

प्रथम, हाड जुळते कसे ते पाहू. हाड मोडले की त्या जागी रक्त साखळते. त्या साखळलेल्या रक्तात काही दिवसांतच नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या शिरतात, पेशींची लगबग सुरू होते आणि दोन टोकांच्या मध्ये प्रथम मऊ कूर्चेचा गोळा तयार होतो. पुढे त्यात चुना भरून तो कठीण होतो आणि मग महिनोन्‌महिने शरीर त्या ओबडधोबड गोळ्याला तासून पूर्वीचा घाट देत राहते. त्वचा फाटली तर वण उरतो; हाड मात्र वण न ठेवता पुन्हा हाडच होते. मनगटाजवळचे हाड सहा-आठ आठवड्यांत जुळावे, नडगीला तीन-चार महिने किंवा अधिकही लागावेत, असा सर्वसाधारण हिशेब आहे. दुखापतीला नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत छायाचित्रांत काहीच प्रगती दिसली नाही, तर त्याला असंधान म्हणावे, असा संकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. काही वेळा शरीर अखेर नाद सोडून देते आणि त्या फटीत एक पाणीदार पोकळी बनवून तेथे खोटा सांधाच तयार करते. कोपर किंवा गुडघा जेथे नाही तेथे पाय वाकू लागतो.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार जुन्या काळी झालेला आहे. सुश्रुतसंहितेत हाडाच्या दांड्याचे भग्न बारा प्रकारचे आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. पळस, वड, पिंपळ, उंबर, अर्जुन यांच्या सालींच्या आणि बांबूच्या पट्ट्या बांधाव्यात; थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा बांधावी; मांडीचे वा पायाचे हाड मोडले असेल तर रोग्याला फळीवर निजवून पाच खुंट्यांनी जखडावे, असा तपशील तेथे येतो. पट्टी सैल राहिली तर सांधा स्थिर होत नाही, आणि फार घट्ट झाली तर सूज, वेदना व पू होतो, हा इशाराही तेथेच आहे. तरुणपणी जे हाड महिन्यात स्थिर होते त्याला मध्यम वयात दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, आणि भग्न झालेल्या जागी पू होऊ न देण्याचा वैद्याने शर्थीने प्रयत्न करावा, कारण पू झालेले भग्न मोठ्या कष्टाने बरे होते, हेही ग्रंथकाराने सांगून ठेवले. वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून सरळ बसवावे, इथपर्यंत त्याची मजल गेली होती.

खेदाची गोष्ट ही, की पुढे आपल्याकडे हाडवैद्याच्या हातात पट्टी राहिली, पण तो इशारा पुष्कळांच्या विस्मरणात गेला. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्यामुळे रक्त अडून बोटे काळी पडलेली मुले आजही रुग्णालयांत येतात. सर्वच हाडवैद्य अडाणी असतात असे मला म्हणावयाचे नाही. उलट पुढची हकीकत एका हाडवैद्याच्याच घराण्यातील आहे.

इंग्लंडातील लिव्हरपूल बंदरात इव्हान टॉमस या नावाचा एक वेल्श हाडवैद्य होता. ही विद्या त्याच्याकडे वाडवडिलांपासून चालत आलेली. त्याच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती आणि पदवीधर डॉक्टरांशी त्याचे नेहमी खटके उडत. म्हणून त्याने मुलांना रीतसर डॉक्टर केले. त्यांपैकी ह्यू ओवेन टॉमस (1834–1891) यांनी गोदीतल्या मजुरांवर उपचार करण्यात आयुष्य घालवले. रविवारी ते गरिबांना विनामूल्य तपासत. मोडलेल्या अवयवाला विश्रांती हवी, ती सक्तीची, अखंड आणि दीर्घ असावी, हा त्यांचा मंत्र होता. हाड जुळत नाही म्हणून उतावीळपणे कापाकापी करण्याऐवजी ते त्याला अधिक काळ निश्चल ठेवीत. तेवढ्याने भागले नाही, तर मोडलेल्या जागेच्या वर व खाली पट्टे आवळून तेथे रक्त तुंबवीत आणि हातोडीने त्या जागी बेताचे ठोके देत. ऐकावयास हा उपाय रानटी वाटतो; परंतु त्यामागची कल्पना पाहिली तर ती आपल्या कलम बांधणाऱ्याचीच आहे. सांधा हलू द्यायचा नाही, आणि रस कमी पडत असेल तर तो तेथे ओढून आणायचा. त्यांनी बनविलेला लोखंडी टेकू पुढे पहिल्या महायुद्धात त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी प्रसारात आणला आणि मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण त्याने वाचले.

जेथे हाडाचा तुकडाच नाहीसा झालेला असतो, तेथे विश्रांती काय करणार? याचे उत्तर ग्लासगोच्या विल्यम मॅकएवेन यांनी दिले. एका लहान मुलाच्या दंडाचे हाड पू होऊन नष्ट झाले होते आणि हात लोंबकळत होता. 1880 च्या सुमारास मॅकएवेन यांनी पाय वाकडे असलेल्या दुसऱ्या मुलांचे पाय सरळ करताना निघालेले हाडांचे तुकडे या मुलाच्या दंडात बसविले. ते तेथे रुजले, हात तयार झाला आणि मोठेपणी तो मुलगा हातांनी काम करून पोट भरू लागला. हाडाचेही कलम होऊ शकते, हे यावरून दिसून आले. 1895 मध्ये रंटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले, तेव्हा आजवर बोटांनी चाचपून ओळखावे लागणारे हाड प्रथमच डोळ्यांना दिसू लागले. पुढे विसाव्या शतकात रोग्याच्याच कमरेच्या हाडातून काढलेला मगज फटीत भरणे, हाडाच्या पोकळीत पोलादी सळई घालणे, पट्टी व स्क्रू बसविणे, हे उपाय एकामागून एक आले.

तथापि एक रोगी या सर्व उपायांना दाद देत नसे. ज्याचे हाड उघड्या जखमेतून मोडले आहे, ज्यात पू शिरला आहे, ज्याचा काही भाग मरून गेला आहे आणि पाय आखूड झाला आहे, असा तो रोगी. दुसऱ्या महायुद्धानंतर असे जखमी सैनिक रशियात ठिकठिकाणी पडून होते. त्यांच्या नशिबी आलेला माणूस राजधानीतील कोणी प्रख्यात शस्त्रवैद्य नव्हता, तर सायबेरियाच्या एका खेड्यातील तरुण डॉक्टर होता.

गाव्रील इलिझारोव्ह यांचा जन्म 1921 मध्ये पोलंडमधील बेलोवेझा येथे झाला. बालपण अझरबैजानच्या डोंगराळ मुलखात गरिबीत गेले. 1944 मध्ये वैद्यकाची परीक्षा होताच सरकारने त्यांना कुर्गान प्रांतातील दोल्गोव्का नावाच्या खेड्यात पाठविले. भोवताली मैलोगणती दुसरा डॉक्टर नाही, हाताशी साधने नाहीत. बाळंतपणापासून हाडापर्यंत सर्व काही एकट्याने पाहायचे. प्लास्टरमध्ये महिनोन्‌महिने अडकून पडलेल्या माणसांचे सांधे आखडतात, स्नायू वाळतात आणि तरीही आतले हाड हलतच राहते, हे ते रोज पाहत होते. त्यांनी एक साधे यंत्र योजले. पायाभोवती पोलादाची कडी. हाडातून आरपार घातलेल्या, जेमतेम दीड ते दोन मिलिमीटर जाडीच्या तारा. त्या तारा सायकलच्या चाकातील आऱ्यांप्रमाणे कड्यांवर ताणून बसविलेल्या. आणि कड्यांना जोडणाऱ्या आट्यांच्या सळया. नट फिरवला की कडी जवळ येतात अगर दूर जातात. मोडलेली जागा पक्की धरली जाते आणि रोगी त्याच पायावर चालू शकतो. 1952 मध्ये त्यांनी या यंत्राची अधिकृत नोंद व्हावी म्हणून अर्ज केला.

पुढचा शोध अपघाताने लागला असे सांगतात. एका रोग्याच्या यंत्राचे नट उलट्या दिशेने फिरवले गेले. हाडाची टोके जवळ यायची ती दूर जाऊ लागली, आणि फट पडेल म्हणून पाहावे तो त्या फटीत कोवळे हाड तयार होताना दिसले. हकीकतीचा तपशील कसाही असो, त्यातून निघालेले तत्त्व पुढे प्रयोगांनी सिद्ध झाले. जिवंत ऊतींना सावकाश आणि सतत ताण दिला तर त्या तुटत नाहीत, वाढतात. वेग मात्र ठरलेला हवा. दिवसाला एक मिलिमीटर, तेही एकदम नव्हे, तर चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. घाई केली तर फटीत नुसता तंतुमय पडदा बनतो. फार सावकाश गेले तर हाड अकाली बंद होते.

या तत्त्वाने त्या असाध्य रोग्याला उपाय मिळाला. मेलेले व सडलेले हाड काढून टाकायचे, मग ती पोकळी बुजवण्यासाठी बाहेरून काही न आणता त्याच हाडाच्या निरोगी भागाला दूरवर एक नाजूक छेद द्यायचा. त्या वेळी हाडावरचे आवरण आणि आतील रक्तपुरवठा जपायचा. आठवडाभर थांबून तो सुटा केलेला तुकडा रोज एक मिलिमीटर याप्रमाणे पोकळीकडे सरकवीत न्यायचा. पुढे तो तुकडा पलीकडच्या टोकाला जाऊन भिडतो, आणि मागे त्याने सोडलेल्या वाटेत नवे हाड भरत येते. सहा सेंटिमीटरची पोकळी असेल तर नुसत्या प्रवासालाच दोन महिने लागतात. नवे हाड कठीण व्हायला त्याहून पुष्कळ अधिक.

इतके असूनही वर्षानुवर्षे मॉस्कोतील बड्या मंडळींनी या खेडवळ डॉक्टरकडे विशेष लक्ष दिले नाही. लक्ष वेधले ते एका खेळाडूने. वालेरी ब्रुमेल हा उंच उडीतील जगज्जेता. 1963 मध्ये त्याने 2.28 मीटरचा विक्रम केला, 1964 मध्ये टोकियोला सुवर्णपदक मिळविले आणि 1965 मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुराडा झाला. तीन वर्षे शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, पण हाड धड जुळेना आणि पाय आखूड झाला. 1968 मध्ये तो कुर्गानला गेला. इलिझारोव्ह यांनी त्याचा पाय जुळविला, लांबीही भरून काढली, आणि तो पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारू शकला. 1971 मध्ये कुर्गान येथे या कार्यासाठी स्वतंत्र संशोधन संस्था झाली.

सोव्हिएत रशियाच्या सीमेबाहेर ही विद्या जाण्यास आणखी दहा वर्षे लागली. इटलीतील लेक्को गावचा गिर्यारोहक कार्लो माउरी 1961 पासून न जुळलेली नडगी घेऊन हिंडत होता. थोर हेयरडाल यांच्या पपायरसच्या नावेतून त्याने अटलांटिक महासागरावर प्रवास केला. त्या नावेवर युरी सेंकेविच हा रशियन डॉक्टर त्याचा सोबती होता, आणि त्याच ओळखीतून पुढे 1980 मध्ये माउरी कुर्गानला पोहोचला. तो बरा होऊन परतला तेव्हा त्याच्या गावचे शस्त्रवैद्य थक्क झाले, आणि 1981 मध्ये बेलाजिओ येथील परिषदेत इलिझारोव्ह यांना व्याख्यानांसाठी बोलावणे आले. ज्या यंत्राच्या नोंदीसाठी 1952 मध्ये अर्ज गेला, ते पश्चिम युरोपच्या नजरेस पडायला एकोणतीस वर्षे लागली. 1992 मध्ये इलिझारोव्ह कुर्गानलाच वारले. राजधानीपासून दूर असलेल्या गावी उत्तम ज्ञान निपजू शकते, ही गोष्ट आपल्यासारख्या, महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहून मराठी जपणाऱ्या लोकांना निराळी पटवून द्यावयास नको.

आता निदानाकडे वळू, कारण उपायाची खरी किल्ली तेथेच आहे. 1976 मध्ये वेबर आणि चेख या शस्त्रवैद्यांनी असंधानाची जी विभागणी लोकप्रिय केली ती सामान्य माणसालाही समजण्याजोगी आहे. काही छायाचित्रांत हाडाची टोके फुगून हत्तीच्या पायासारखी दिसतात. येथे रक्त भरपूर आहे, शरीर धडपडत आहे, पण जागा हलते म्हणून पूल पुरा होत नाही. अशा हाडाला पुष्कळदा पक्का आधार दिला की पुरते. दुसऱ्या प्रकारात टोके निमुळती, झिजलेली, निस्तेज असतात. येथे रसच आटलेला आहे. नुसत्या आधाराने भागत नाही, हाडाचे कलम अगर तत्सम उपाय हवा. तिसरे कारण पू. तो असेल तर प्रथम त्याचा नायनाट, मग बाकीचे. म्हणून चांगला शस्त्रवैद्य हत्यार उचलण्यापूर्वी निरनिराळ्या बाजूंनी छायाचित्रे घेतो, शंका असल्यास सीटी स्कॅन करतो, रक्त तपासून जंतुसंसर्गाचा माग काढतो, मधुमेह, जीवनसत्त्व ड आणि आहार यांची चौकशी करतो. आणि एक प्रश्न अवश्य विचारतो : तंबाखू घेता का? विडी-सिगारेटने सूक्ष्म रक्तवाहिन्या आखडतात आणि हाड जुळण्यास विलंब होतो, हे आता निर्विवाद आहे.

आमचे गवंडी अखेर दुसऱ्या शहरातील एका शस्त्रवैद्याकडे गेले. त्यांनी तीन दिवस नुसत्या तपासण्या केल्या, विडी बंद करवली, सडलेले हाड काढले आणि पायावर कडी चढविली. पुढचे अकरा महिने सुखाचे नव्हते. तारांच्या तोंडाशी पू होई, रात्री झोप नसे, घोटा आखडू नये म्हणून रडत रडत व्यायाम करावा लागे. नट फिरवण्याचे काम त्यांच्या धाकट्या मुलीकडे होते. ती तेव्हा माझ्याच वर्गात होती. सकाळी शाळेत येण्यापूर्वी एकदा, मधल्या सुट्टीत घरी धावत जाऊन एकदा, संध्याकाळी एकदा आणि निजताना एकदा, असा पाव-पाव मिलिमीटर तिने आपल्या बापाचा पाय वाढविला. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर ती रोजच्या चार खुणा करीत असे. मधल्या सुट्टीनंतर ती वर्गात उशिरा आली तर मी कधी कारण विचारले नाही.

कडी निघाली त्या दिवशी गवंडी माझ्या ओसरीवर आले. किंचित लंगडत, पण आपल्या दोन्ही पायांवर. परांचीवर ते आता चढत नाहीत. खाली उभे राहून इतरांचे काम पाहतात. त्यांच्या हातात तोच जुना कागद होता. मला म्हणाले, "मास्तर, हा आता फाडू का?"

मी म्हटले, "फाडू नका. त्यात लिहिलेलं खोटं नव्हतं. तेव्हा हाड जुळलं नव्हतं, एवढंच."